छोट्या पातेल्यातलं मीठ

उज्वलाला बीपीचा त्रास होता हे बाबासोला ती गेली त्या दिवशी कळलं, आणि तेही एका परक्या माणसाच्या तोंडून. महापेच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटता लाटता ती खाली बसली आणि उठली नाही, एवढंच फोनवर समजलं होतं. जुईनगरहून रिक्षा करून तो वाशीच्या हॉस्पिटलात पोचला तेव्हा तिला आत नेलं होतं. एक तरुण डॉक्टरीण कागद घेऊन बाहेर आली आणि तिने विचारलं, पेशंटला बीपी आहे का? ‘‘नाही,’’ बाबासो म्हणाला. ‘‘काही नाही. ठणठणीत आहे ती.’’ लगेच त्याच्या पाठीमागून कोणीतरी बोललं, ‘‘हाय मॅडम. दीड वर्ष झालं. काल चार वाजता एकशे बावन्न, शहाण्णव होता. गोळी चालू हाय, मागच्या महिन्यात डबल केली.’’ डॉक्टरणीची मान त्या माणसाकडे वळली ती परत बाबासोकडे आलीच नाही. कुठली गोळी, किती वाजता, किडनीची तपासणी झाली होती का, सगळं तिने त्यालाच विचारलं. तो माणूस पन्नाशीचा, बारीक, चष्मेवाला. कँटीनच्या कपड्यांतच आला होता. शर्टाच्या खिशातून त्याने एक छोटी वही काढली होती आणि बोट ठेवून ठेवून तो आकडे वाचत होता. दीड तासाने मोठे डॉक्टर बाहेर आले. डोक्यात रक्तस्राव झाला, आम्ही पुष्कळ प्रयत्न केले, असं ते म्हणाले तेव्हासुद्धा आधी त्या माणसाकडे बघून म्हणाले. मग कोणीतरी सांगितलं असेल, कारण ते अडखळले, बाबासोकडे वळले आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं. आपली बायको गेल्याचं बाबासोने असं दुसऱ्या फेरीत ऐकलं. त्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘दादा, मी कुंदन. कँटीनच्या स्टोअरमध्ये असतो.’’ बाबासोच्या मनात त्या घडीला दुःख आलं नाही. ते नंतर आलं, भरपूर आलं. त्या घडीला त्याच्या मनात एवढंच आलं की हा कोण, आणि याला काल चार वाजताचं कसं माहीत.

दोन महिने झाले तरी तो प्रश्न गेला नाही. लोक भेटायला येत, बसत, तिच्या हातच्या भाकरीचं बोलत, बाबासो मान हलवे आणि मनात चार वाजता धरून बसे. चार वाजता तो स्वतः काय करत असे? टीव्हीसमोर असे, नाहीतर सोसायटीच्या बाकावर. तिची सुटी साडेपाचला, सहाला ती घरी येई, चहा टाकी. काय गं, कसा गेला दिवस, असं त्याने कधी विचारलं असेल तर त्याला आठवत नाही. ती आली म्हणजे दिवस बरा गेला, एवढा त्याचा हिशेब. तेराव्यानंतर मुलगी तेजश्री साताऱ्याला सासरी परत जाताना बॅग भरत होती, तेव्हा त्याने तिला विचारलं, ‘‘तुला ठाऊक होतं का?’’ तिने साडीची घडी दोनदा मोडून घातली. मग म्हणाली, ‘‘आबा, आईने शपथ घातली होती.’’ ‘‘का?’’ ‘‘म्हणाली, त्यांना कळलं तर घरात सगळंच अळणी करायला लागेल आणि मग ते ताट सरकवतील.’’ म्हणजे मुलीला ठाऊक होतं, कँटीनला ठाऊक होतं, कुंदनला तर आकड्यांसकट ठाऊक होतं. जुईनगरच्या दोन खोल्यांत तिच्या शेजारी सदतीस वर्षं झोपलेला माणूस तेवढा बाहेर राहिला होता.

ताट सरकवण्याचं खोटं नव्हतं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्याने एकतीस वर्षं पाठीवर गोणी वाहिली. त्यांच्या टोळीत सकाळच्या चहाच्या वेळी एक कागदाची पुडी फिरायची, खडेमीठ आणि लाल मिरची एकत्र कुटलेली. प्रत्येकाने बोटाने चाटायची, वर पाणी प्यायचं. मीठ कमी पडलं की मांडीत गोळा येतो असं मुकादम सांगायचा, आणि ते खरंही होतं, कारण अंगातून घाम असा जायचा की बंडी वाळली की पाठीवर पांढरे नकाशे उठायचे. मीठ म्हणजे ताकद, हे बाबासोच्या अंगात तिथे मुरलं. घरी वरणात मीठ कमी लागलं की तो ताट हाताच्या पंजाने दोन वीत पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, ‘‘हे काय आजाऱ्याचं वाढलंयस?’’ ओरडायचा नाही. सरकवायचा फक्त. उज्वला उठून मिठाची बरणी आणायची. सहा वर्षांपूर्वी कमरेची गादी सरकली, काम सुटलं, घाम थांबला. मीठ मात्र थांबलं नाही. ताटात डाव्या बाजूला मिठाची ढेरी, खारातली मिरची, लोणचं, पापड, आठवड्यातून दोनदा सुकट, सगळं गोणी वाहणाऱ्या माणसाचं आणि खाणारा दिवसभर बाकावर बसलेला. हे कोणी त्याला सांगितलं नाही. किंवा सांगणारीने ठरवलं की याला सांगण्यापेक्षा आपणच वेगळं काढून घ्यावं.

कारण ती वेगळं काढून घेत असे, हे त्याने पाहिलं होतं. तेच तर. वरण शिजलं की मीठ घालायच्या आधी ती एक डाव आपल्यासाठी छोट्या पातेल्यात काढायची. भाजीचंही तसंच. त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मला पित्त होतंय, तुमच्यासारखं तिखट सोसत नाही.’’ त्याला ते पटलं. मग गेल्या वर्षी, गौरी नुकत्याच जाऊन झाल्या होत्या, ती न्हाणीत होती आणि त्याने सहज त्या पातेल्यातलं वरण बोटाने चाखलं. नुसतं पाणी. मिठाचा कणही नाही. त्याला वाटलं, वेगळं काढते आणि मीठ घालायचं विसरते, वय झालं हिचं. त्याने बरणी उघडली, चिमूट नाही, चांगलं बोटभर मीठ टाकलं आणि पळीने ढवळलं. जेवताना तिने पहिला घास घेतला आणि वर पाहिलं. तो म्हणाला, ‘‘विसरली होतीस. मी टाकलं.’’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘बरं केलंत.’’ तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते आता बाबासो रोज आठवू पाहतो, आणि त्याला फक्त तिचं थांबलेलं तोंड दिसतं. त्यानंतर तो सांभाळूनच असे. ती केस विंचरायला गेली, दाराशी कोणी आलं, गच्चीवर कपडे काढायला गेली, की हा उठे आणि छोट्या पातेल्यात मीठ टाकून येई. आयुष्यात पहिल्यांदा घरातलं एक काम त्याने न सांगता अंगावर घेतलं होतं. त्याचं त्यालाच बरं वाटायचं. पाच महिने त्याने ते काम न चुकता केलं.

हे कुंदनला ठाऊक आहे का, हे त्याला हवं होतं. दुसरं काही नको. चार वाजता ती त्या माणसासमोर बसायची म्हणजे काही बोलत असणार. माझ्याबद्दल काय बोलत असेल? माझा नवरा मला मीठ घालून मारतोय, असं? की माझं नावच काढत नसेल? दोन्हींतलं कुठलं वाईट ते त्याला ठरवता येत नव्हतं. कधी मान दुखायची, मागे केसांपाशी, सकाळी उठल्या उठल्या, तसा तो हात तिथे दाबून धरायचा आणि त्याला आठवायचं की उज्वलाही पदराखालून मानेच्या मागे असाच हात धरायची. तेव्हा त्याला वाटायचं, पोळ्या लाटून मान भरली असेल.

एका रविवारी सकाळी कुंदन घरी आला. हातात कापडी पिशवी. ‘‘ताईचं सामान होतं लॉकरमंदी,’’ तो म्हणाला. ‘‘कोनी येईल म्हनून वाट बघली. मग म्हनलं आपनच नेऊन द्यावं.’’ बाबासोने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. चहा विचारला नाही. कुंदनने पिशवीतून एकेक काढून स्टुलावर ठेवलं. एप्रन, धुऊन घडी केलेला. एक स्टीलचं ताट, त्यावर मागे तिचं नाव कोरलेलं. गोळ्यांची अर्धी पट्टी. तीच वही. आणि शेवटी चेन लावलेली एक निळी पाकीट-पिशवी, तिच्यात बीपी मोजायचं मशीन. ‘‘हे आमी दोघांनी मिळून घेतलं होतं,’’ कुंदन म्हणाला. त्याने साधेपणाने म्हटलं. दोघांनी मिळून. बाबासो आणि उज्वलाने दोघांनी मिळून शेवटचं काय घेतलं होतं? पंखा. तोही तिने एकटीने पसंत केला होता, हा दुकानाबाहेर उभा होता.

‘‘तुम्हाला पण आहे का बीपी?’’ त्याने विचारलं. विचारताना आवाज उगाच चढला.

‘‘हाय ना. आमी मिठागरवाले, दादा. माझा बाप, आजा, सगले मिठागरावर. आता तिकडं बिल्डिंगा झाल्या. घरात मीठ गोनीनं असायचं, पानी प्यावं तसं मीठ खाल्लं आमी. बाप एका बाजूनं लुला पडला, तसाच गेला. मग कंपनीत कँप लागला तेव्हा माझा निघाला आनि ताईचा पन निघाला. एकाच दिवशी. लायनीत मागं-पुढं होतो.’’ तो थोडा हसला. ‘‘ती बोलली, तुमी मिठागराचे, मी मिठाच्या बरनीची. चला, दोघं मिलून सोडू.’’

बाबासोला हा विनोद नवीन होता. उज्वला घरी विनोद करत नसे. किंवा करत असेल आणि तो टीव्हीच्या आवाजात गेला असेल. त्याला एकदम तो कँटीनचा स्टोअर दिसायला लागला, न पाहिलेला, तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या, तेलाचे डबे, दोन स्टुलं. ‘‘कसं मोजायचात?’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे काय काय करायचात?’’ कुंदनने सावकाश सांगितलं. काम करून आलं की लगेच मोजायचं नाही. पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, बोलायचंसुद्धा नाही, बोललं की आकडा वर जातो. मग डाव्या दंडाला पट्टा गुंडाळायचा, हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवायचा. आधी ती त्याचा मोजायची, मग तो तिचा. ब्लाउजची बाही आवळ असली की वर चढत नसे, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी, मोजायच्या दिवशी, ती मुद्दाम सैल बाहीचं ब्लाउज घालून येई. ‘‘तुमीच बघा,’’ म्हणून कुंदनने पट्टा उघडून दाखवला. त्यावर निळ्या पेनने दोन रेघा होत्या, एक अलीकडे, एक पलीकडे. ‘‘ही माझी, ही ताईची. इथपर्यंत ओढायचा.’’

सैल बाहीचं ब्लाउज. मोरपंखी. बाबासोला ते चांगलं माहीत होतं. दोरीवर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी तेच वाळत असे, आणि त्याने त्याचा कधी विचार केला नव्हता. आता तो त्या पलीकडच्या रेघेकडे बघत राहिला. तिच्या दंडाचा घेर एवढा होता. आपल्याला विचारलं असतं तर सांगता आला नसता. त्या दंडाला आपण शेवटचं कधी धरलं? आजारपणात नाही, कारण ती आजारी पडली तरी सांगत नसे. रस्ता ओलांडताना नाही, कारण तो दहा पावलं पुढे चालत असे. धरलं ते तिरडीवर ठेवताना. आणि हा माणूस आठवड्यातून दोनदा धरत होता. त्यात काही वावगं नव्हतं, हे बाबासोला स्वच्छ दिसत होतं, आणि वावगं असतं तर बरं झालं असतं असंही त्याला वाटून गेलं. वावगं असतं तर ओरडता आलं असतं, कॉलर धरता आली असती. पण दोन दमलेली माणसं पाय सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसतात, याला माणूस काय म्हणणार? आपण दोघंही गप्पच बसायचो की. वर्षानुवर्षं. पण ते गप्प बसणं कशाची वाट बघणारं नव्हतं.

‘‘माझ्याबद्दल काय बोलायची?’’ शेवटी त्याने विचारलं.

कुंदनने वही पुढे केली. उज्वलाचं अक्षर मोठं, चौथीपर्यंतचं, रेघेवर बसवलेलं. तारीख, आकडा, आणि पुढे काय खाल्लं ते. बाबासोने पानं उलटली. दुपारी शहाळं. पालक, राजगिऱ्याची भाकरी. बटाटा उकडून, बिनमिठाचा. आकडे हळूहळू खाली येत होते, एकशे अडतीस, एकशे चौतीस, गणपतीच्या आधी तर एकशे अठ्ठावीस. मग गौरींनंतरचं पान आलं. ‘घरी मीठ पडलं. केळी दोन.’ त्याच्या खाली, ‘मीठ पडलं. शहाळं.’ पुढच्या पानावर, ‘मीठ पडलं. केळी दोन. बरोबरी.’ कोणी टाकलं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. जणू मीठ वरून पडतं, पत्र्यावरून चिमणीचं काही पडावं तसं. आकडे पुन्हा वर चढायला लागले होते.

‘‘मी तिला लय सांगितलं,’’ कुंदन म्हणाला. ‘‘कंपनीच्या डॉक्टरनं आमाला समजावलं होतं ना. मीठ अंगात पानी धरून ठेवतं. केळी, शहाळं, भाजी, डाळ, यांच्यात पोटॅशियम असतं, ते मीठ बाहेर काढायला मदत करतं. पन किडनी बरी असली तरच खायचं तसलं, नायतर उलटं होतं. तिची बरी होती. म्हनून ती खायची. पन मी बोललो, ताई, असं नाय चालत. एका बाजूनं टाकायचं आनि दुसऱ्या बाजूनं काढायचं. टाकनंच बंद करायला पायजे. दादाला सांग एकदा.’’

‘‘मग?’’

‘‘बोलली, नको. सहा वर्षं घरात बसून त्या मानसाला काय करावं ते समजत नाय. आता माझ्या वरनात मीठ टाकतात आनि जेवताना माझ्याकडं असं बघतात... तेवढं एक करतात, ते पन चूक हाय म्हनून कसं सांगू?’’ कुंदनने चष्मा काढून शर्टाला पुसला. ‘‘गोळी वाढवली की होईल नीट, असं तिला वाटलं. मलापन वाटलं. माझी पन चूकच झाली, दादा. मी यायला पायजे होतं तुमच्याकडं.’’

बाबासोला वाटलं होतं की हे कळलं की काहीतरी मोकळं होईल. झालं उलटंच. तिने त्याच्यावर राग धरला नव्हता, हे बरोबर होतं. पण राग नाही, हे तिने बोलून दाखवलं ते याच्यासमोर. त्याला माफ केलं, ते स्टोअरमध्ये, तांदळाच्या पोत्यांपाशी, दुसऱ्या माणसाला साक्षीला ठेवून. घरात फक्त ‘बरं केलंत’ म्हणाली. तिने ताट सरकवायला हवं होतं. एकदा तरी. दोन वीत.

कुंदन उठला. मशीनकडे बघून म्हणाला, ‘‘हे राहू दे तुमच्याकडं. यात दोन जागा हायत. एक नंबर माझी, दोन नंबर ताईची. एकेका जागेत साठ आकडे राहतात. साठ भरले की नवीन मोजलं की सगल्यात जुना जातो. ताईचे भरलेत.’’ मग म्हणाला, ‘‘तुमचा मोजायचा होता तिला. लय दिवस बोलत होती, यांना एकदा धरून आनते कँटीनला, मान धरून बसतात सारखे. द्या हात, आताच बघू.’’ आणि त्याने पट्टा उघडून पुढे केला.

बाबासोने हात मागे घेतला. इतक्या झटक्याने की स्टुलावरचं ताट खाली पडलं आणि बराच वेळ वाजत राहिलं. ‘‘आत्ता नको,’’ तो म्हणाला.

‘‘बरं. मग तुमी स्वतः मोजा. माझ्या जागेत मोजा, एक नंबरला. माझे गेले तरी चालतील, मला नवीन मशीन दिलंय पोरीनं. ताईचे राहू द्या.’’ दारात चप्पल घालता घालता तो परत वळला. ‘‘आनि मीठ जरा कमी करा, दादा. मानेचं दुखनं चांगलं नाय. दवाखान्यात दाखवा.’’

तो गेल्यावर बाबासोने मशीन उघडलं. बटण दाबत दाबत दोन नंबरवर गेला आणि तिचे साठही आकडे एकापाठोपाठ पाहिले, शेवटच्या एकशे बावन्नपासून मागे मागे. साठ वेळा पाच पाच मिनिटं म्हणजे पाच तास. मग एक नंबरवर गेला. कुंदनचे आकडे तिच्या शेजारी, त्याच दिवसांचे, दोन-तीन मिनिटं आधीचे. हा इथे, ती तिथे, असे साठ दिवस. मनात आलं की आपण एक नंबरला मोजायला लागलो तर रोज त्याचा एक आकडा जाईल. साठ दिवसांत हा माणूस यातून पूर्ण निघून जाईल, आणि तिच्या शेजारी आपण असू. हा विचार त्याला इतका आवडला की तो एकटाच हसला, आणि मग त्याला स्वतःची लाज वाटली, कारण त्या माणसाने ती जागा आपणहून दिली होती. पट्टा त्याने दंडाला लावून पाहिला. गोण्यांनी फुगवलेला त्याचा दंड अजून जाड होता, पट्टा दोन्ही रेघांच्या बाहेर राहिला. तिसरी रेघ मारायला हाताशी निळं पेन नव्हतं. त्याने पट्टा काढून ठेवला.

त्या दिवसापासून तो वरण शिजवतो, मीठ घालायच्या आधी एक डाव छोट्या पातेल्यात काढतो, आणि मग मोठ्या पातेल्यात मीठ घालतो. दोन्ही पातेली समोर घेऊन बसतो. कधी या पातेल्यातलं खातो, कधी त्या. अळणी वरणाची चव त्याला अजून लागत नाही, पण गिळता येतं. एका सकाळी राजगिऱ्याच्या डब्यात हात घातला तर तळाशी गोळ्यांची आणखी एक पट्टी निघाली, कँटीन बंद असायचं त्या रविवारसाठी ठेवलेली, एक घर रिकामं. तीही त्याने मशीनच्या निळ्या पिशवीत ठेवली. मान सकाळी दुखते. तेजश्री रोज फोनवर विचारते, आबा, दाखवलंत का? तो म्हणतो, दाखवतो. वाशीला जाऊन डॉक्टरला दाखवायला त्याची हरकत नाही, पण तिथली नर्स डाव्या दंडाला पट्टा बांधेल आणि आकडा कागदावर लिहील, आणि तो आकडा उज्वलाच्या शेजारी कुठेच राहणार नाही. मशीन स्टुलावर आहे. सेल भरलेले आहेत. एक नंबरची जागा त्याला दिलेली आहे, आणि ती दिलेली आहे म्हणूनच बटणावर बोट जात नाही.

बाबासोचा बीपी अजून मोजायचा राहिला आहे.